कर्करोग्याच्या घरची वही



आपल्या न्यासाच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे असे कार्यवाहांनी सांगितले, तेव्हा प्रथम मनात आले की इंदूरच्या जुन्या वाड्यांविषयी किंवा आपल्या गणेशोत्सवाविषयी चार आठवणी लिहाव्यात. पण न्यासाकडे साहाय्यासाठी येणारे अर्ज वाचण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे आहे, आणि त्यांत कर्करोगाच्या उपचारासाठी आलेले अर्ज एकामागून एक हाती येतात. अर्जात मागणी पैशाची असते. परंतु धनादेश न्यायला आलेला मुलगा किंवा सून दाराशी घुटमळते आणि हळूच विचारते, "सर, औषधं तर सुरू झाली, पण घरी आम्ही करायचं काय?" या प्रश्नाचे उत्तर धनादेशावर लिहिता येत नाही. म्हणून ते येथे लिहीत आहे.

मी डॉक्टर नव्हे. आयुष्यभर गणित शिकवले. माझा अधिकार एवढाच की, एकाच घरात हा रोग मी दोनदा पाहिला. पहिल्या वेळी आम्ही जे चुकलो, ते दुसऱ्या वेळी सुधारण्याची संधी आम्हाला मिळाली. पुढे जे लिहिले आहे ते रुग्णालयाच्या सल्ल्याला पर्याय नव्हे. त्या सल्ल्याचा घरी नीट उपयोग व्हावा एवढ्यासाठीच ते आहे.

१. एका घरातील दोन आजारपणे

रामबागेतील आमच्या घरी १९८९ साली माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू, तोंडाच्या कर्करोगाने गेले. तंबाखू-चुन्याची सवय तीस वर्षांची. गालाच्या आतील जखम बरी होईना म्हणून तुकडा तपासायला दिला. निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी मला व पुतण्याला बाहेर बोलावून सांगितले, आणि आम्ही आत जाऊन दादांना सांगितले, "साधी जखम आहे, जरा वेळ लागेल." त्यानंतरचे सात महिने घरात कोणी खरे बोलले नाही. वहिनी स्वयंपाकघरात रडत, आम्ही अंगणात कुजबुजत असू, आणि दादा खोलीत एकटे छताकडे पाहत पडलेले असत.

शेवटचे दोन महिने वेदना फार होत्या. मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून ते रात्री पंचाचा बोळा दातांत धरीत. संध्याकाळी कंपाउंडर येऊन एक इंजेक्शन देई. त्याचा अंमल मध्यरात्रीपर्यंत टिके. पुढची रात्र कशी काढायची हे आम्हाला कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. या रोगात दुखायचेच, असे आम्ही धरून चाललो होतो.

ते गेल्यावर त्यांचे मेज आवरताना एक घडी केलेला कागद सापडला. त्यावर त्यांच्या हातचे, विम्याच्या पॉलिसीचे क्रमांक, दूधवाल्याची बाकी, कोणाकडून किती येणे आहे, सारे व्यवस्थित मांडलेले होते. वर तारीख घातली होती. आम्ही लपवालपवी सुरू केल्यानंतर चौथ्याच दिवसाची ती तारीख होती. दादांना सर्व ठाऊक होते. आमचे मन राखण्यासाठी ते सात महिने न कळल्याचे सोंग करीत राहिले.

पुढे २०११ साली खुद्द वहिनींना स्नानाच्या वेळी छातीत गाठ लागली. गाठ दुखत नव्हती. पण न दुखणारी गाठही दाखवावी लागते हे त्यांना माहीत होते. तपासणीला निघण्यापूर्वी त्यांनी मला ओटीवर बोलावले आणि म्हणाल्या, "भावजी, जे काय निघेल ते आधी मला कळलं पाहिजे. त्यांच्या वेळी तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना एकटं पाडलंत. मीही त्यात होते."

या एका वाक्याने आमच्या घराची रीत बदलली. त्यानंतर वहिनी आठ वर्षे जगल्या, आणि त्यांतली बहुतेक वर्षे चांगली जगल्या.

२. रोगाविषयी थोडेसे

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. पेशी नियमाने वाढतात, जुन्या होतात व मरतात. काही पेशींतील हा नियम बिघडून त्या बेसुमार वाढू लागल्या, शेजारच्या भागात शिरू लागल्या व रक्तावाटे वा लसिकावाहिन्यांवाटे दूर जाऊन वसू लागल्या, म्हणजे त्यास कर्करोग म्हणतात. हा एक रोग नसून अनेक रोगांचे कुळ आहे. म्हणून शेजारच्या अमक्याचे काय झाले यावरून आपल्या रुग्णाचे भविष्य सांगू नये. आपल्या देशात पुरुषांत तोंडाचा व स्त्रियांत स्तनाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो, आणि हे दोन्ही वेळेवर सापडल्यास बरे होऊ शकतात.

शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे हे उपचाराचे तीन मुख्य मार्ग. कोणास एक पुरतो, कोणास तिन्ही लागतात. औषधोपचारात केमोथेरपी येते, तशाच संप्रेरकांवरील गोळ्या व नवी लक्ष्यवेधी औषधेही येतात.

कर्करोग हा शिवाशिवीने होणारा रोग नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे काढणे, नातवंडांना जवळ जाऊ न देणे हा निव्वळ अन्याय आहे. बाहेरून किरण घेऊन घरी आलेल्या माणसाच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत. त्याच्या शेजारी खुशाल बसावे. पोटातून किरणोत्सारी औषध दिले असेल तर रुग्णालय वेगळ्या सूचना देते, त्या पाळाव्यात. केमोथेरपीनंतर सुमारे दोन दिवस मात्र रुग्णाचे मलमूत्र वा उलटी साफ करणाऱ्याने हातमोजे घालावेत व ते कपडे वेगळे धुवावेत, कारण त्यातून औषधाचा अंश बाहेर पडत असतो. ही दक्षता औषधापासून आहे, माणसापासून नव्हे.

३. सांगावे की लपवावे

रुग्णाला नाव सांगितले तर तो धीर सोडील, ही भीती प्रेमापोटी असते. पण रुग्ण आंधळा नसतो. कर्करोग विभागाची पाटी तो वाचतो, शेजारच्या खाटेवरचा माणूस त्याला सारे सांगतो, आणि आपल्या चेहऱ्यांवरून उरलेले तो ओळखतो. लपवल्याने त्याचे अज्ञान टिकत नाही. आपल्याशी बोलण्याची वाट मात्र बंद होते.

याचा अर्थ सारे एकदम तोंडावर फेकावे असाही नाही. आधी विचारावे, "डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय? आणखी काही जाणून घ्यायचंय का?" तो जेवढे विचारील तेवढ्याचे उत्तर खरे द्यावे. आज नको म्हणाला तर थांबावे. उद्या पुन्हा दार उघडे ठेवावे. "तुला काही होणार नाही" या वाक्याऐवजी "जे होईल त्यात आम्ही बरोबर आहोत" हे वाक्य अधिक आधार देते, कारण ते खरे असते.

घरातील लहान मुलांनाही त्यांना समजेल अशा शब्दांत सांगावे. आजी आजारी का पडली हे न कळल्यास मूल स्वतःलाच दोष देऊ लागते. आमच्या घरी वहिनींच्या सात वर्षांच्या नातवाला एवढेच सांगितले की, "आजीच्या औषधाने तिचे केस जातील आणि मग परत येतील." तो रोज सकाळी आजीच्या डोक्यावर हात फिरवून केस आले का हे पाही.

४. वही कशी ठेवावी

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात वहिनींची शस्त्रक्रिया झाली. केमोथेरपीच्या फेऱ्या सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आले की, डॉक्टरांसमोर पाच मिनिटे मिळतात आणि त्या पाच मिनिटांत नेमके विचारायचे ते आपण विसरतो. मी दोनशे पानी वही आणली व गणिताच्या मास्तराच्या सवयीने रकाने आखले.

डाव्या पानावर रोजची नोंद: तारीख, सकाळ-संध्याकाळचा ताप, काय व किती खाल्ले, पाणी किती प्याले, शौचास झाले की नाही, झोप, कोणते औषध किती वाजता दिले, आणि दुखण्याचा आकडा. उजव्या पानावर डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न व खाली त्यांची उत्तरे. शेवटच्या पानांवर रुग्णालयाचा क्रमांक, तातडीचे दूरध्वनी, औषधांची ॲलर्जी व झालेला खर्च. तपासण्यांचे कागद तारखेच्या क्रमाने एका फाइलीत.

पहिला प्रश्न वहिनींनी स्वतः लिहिला: "या वर्षी लोणचं घालायचं आहे. विळीवर कैऱ्या चिरू का?" मला हसू आले, पण डॉक्टर हसले नाहीत. काखेतील ग्रंथी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याची भीती जन्मभर राहते, त्या हाताला कापणे, भाजणे, चिरडणे टाळावे, आणि जखम झालीच तर धुऊन लगेच दाखवावी, असे त्यांनी समजावले. तो हात शक्यतो इंजेक्शनला वा रक्तदाब मोजायला देऊ नये, घट्ट बांगड्या काढाव्यात. मात्र हात बांधून ठेवू नये, शिकवलेले व्यायाम रोज करावेत. "कैऱ्या दुसऱ्यांनी चिराव्या, मसाला तुम्ही घाला," असा निकाल लागला. त्या वर्षी कैऱ्या मी चिरल्या. फोडी लहानमोठ्या झाल्या हे वहिनी पुढे आठ वर्षे सांगत होत्या.

प्रश्न लहान आहे म्हणून विचारू नये असे कधीही मानू नये. रुग्णाचे आयुष्य अशाच प्रश्नांचे बनलेले असते.

५. उपचाराच्या दिवसांत

ताप. केमोथेरपीनंतर रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. बहुधा सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या सुमारास त्या सर्वांत कमी असतात. या काळात साधा वाटणारा संसर्ग काही तासांत जीवघेणा होऊ शकतो. थर्मामीटर घरात असलाच पाहिजे. ताप १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक झाला अथवा थंडी वाजून आली, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी रुग्णालयात जावे व दारातच सांगावे की केमोथेरपी सुरू आहे. या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवावी.

अन्न. रुग्णाला भूक नसते व तोंडाला चव नसते, म्हणून तीन वेळच्या भरल्या ताटाचा आग्रह धरू नये. दर दोन-अडीच तासांनी थोडे द्यावे: मुगाचे मऊ वरण-भात, तूप घातलेली खिचडी, शिरा, उकडलेले अंडे, पनीर, नाचणीची पेज. अन्न ताजे व नीट शिजलेले असावे. पाणी उकळून गार केलेले. उघड्यावरचे पदार्थ, चिरून ठेवलेली फळे टाळावीत. इंदूरच्या माणसाला पोहे-जिलबीवाचून सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. वहिनींना आम्ही घरचे मऊ पोहे देत होतो, शेव मात्र वर्ज्य. फोडणीच्या वासाने मळमळ होत असेल तर स्वयंपाक चालू असता रुग्णाला दूरच्या खोलीत बसवावे. उलटीवर आज चांगली औषधे आहेत. ती उलटी झाल्यावर नव्हे, सांगितलेल्या वेळी आधीच द्यावयाची असतात.

तोंड. तोंड आले असेल तर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा एक चमचा मीठ व एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा चुळा भराव्यात. दात मऊ ब्रशाने घासावेत. तंबाखू, सुपारी व मिश्री बंद. आणि रुग्णासमोर घरातील इतरांनीही बंद.

इतर औषधे. कोणी काढा सुचवील, कोणी मुळी, कोणी दूरच्या गावचे गुप्त औषध. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण काही वनस्पती केमोथेरपीच्या औषधांचे काम कमीअधिक करतात व यकृतावर ताण आणतात. जे काही घ्यावयाचे ते वहीत लिहून डॉक्टरांना दाखवूनच घ्यावे, आणि चालू उपचार अर्धवट सोडून दुसऱ्या मार्गास जाऊ नये. गेलेले महिने परत येत नाहीत.

६. वेदना: आपल्या माळव्याची गोष्ट

२०१८ साली वहिनींचा रोग हाडांत उतरला. आता तो समूळ जाणार नाही हे डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितले. त्या रात्री माझ्या मनात दादांच्या दातांतला तो पंचा आला. वहिनींच्याही मनात आला असावा, त्यांनी वहीत प्रश्न लिहिला: "शेवटी फार दुखतं का? तेव्हा काय करायचं?"

उत्तर मिळाले ते प्रत्येक घराने ऐकावे असे आहे. कर्करोगाच्या बहुतेक वेदना योग्य औषधांनी आटोक्यात आणता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली त्यासाठी सोपी पद्धत घालून दिली. सौम्य वेदनेला पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे; त्याने भागले नाही तर कोडीन, ट्रॅमाडॉल यांसारखी मध्यम; आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन. औषध शक्यतो तोंडाने घ्यावे, घड्याळाच्या ठोक्यावर घ्यावे, आणि मात्रा ज्याच्या त्याच्या वेदनेप्रमाणे डॉक्टरांनी ठरवावी, ही त्यातील सूत्रे आजही कायम आहेत. दुखू लागल्यावर गोळी शोधावयाची नाही. दुखणे डोके वर काढण्याआधीच पुढची मात्रा पोटात गेली पाहिजे. साध्या मॉर्फिनची गोळी म्हणूनच साधारण दर चार तासांनी देतात. दादांना संध्याकाळी एक इंजेक्शन मिळे व उरलेली रात्र मोकळी राही. आमची चूक कोठे होती ते मला एकोणतीस वर्षांनी कळले.

हे मॉर्फिन येते कोठून? अफूपासून. आणि अफू पिकते कोठे? आपल्या मंदसौर, नीमच, रतलाम या भागांत. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोंडांना चिरे देऊन निघणारा चीक सरकार विकत घेते. लागवडीचे परवाने देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्य कार्यालय ग्वाल्हेरीस आहे, आणि त्या अफूपासून औषधी द्रव्ये काढण्याचे सरकारी कारखाने नीमच व गाझीपूर येथे आहेत. ज्या मातीत जगाच्या वेदनेवरचे औषध पिकते, त्याच मातीतील घरांत माणसे पंचा दातांत धरून रात्री काढतात, हा केवढा विपर्यास!

याचे एक कारण कायद्यात होते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांचे जाळे इतके किचकट झाले की, रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले व त्याचा वैद्यकीय वापर झपाट्याने घटला. २०१४ साली संसदेने दुरुस्ती करून मॉर्फिनसह काही औषधांना आवश्यक औषधांचा दर्जा दिला व मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सुलभ केले. दुसरे कारण आपल्या मनात आहे. मॉर्फिन म्हणजे व्यसन, मॉर्फिन म्हणजे शेवट, असे आपण समजतो. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन लागणे विरळा. त्याने आयुष्य तुटत नाही. उलट झोप लागते, अन्न जाते, माणूस उठून बसतो.

मात्र नियम पाळावेत. मॉर्फिनने बद्धकोष्ठ बहुधा होतेच, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यावे. पहिले काही दिवस गुंगी व मळमळ वाटते, ती बहुधा ओसरते. गुंगी वाढत गेली, श्वास मंद झाला वा माणूस जागा होईना, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. मात्रा आपल्या मनाने वाढवू नये, एकाएकी बंद करू नये, आणि गोळ्या कुलपात ठेवाव्यात.

वेदना मोजावी कशी? शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे याहून अधिक असूच शकत नाही. रुग्ण सांगेल तो आकडा खरा मानून वहीत लिहावा. वहिनींचा आकडा ऑक्टोबरात आठ होता. गोळ्या सुरू झाल्या, दुखऱ्या हाडावर किरणांचा उपचार झाला, आणि दिवाळीला तो दोनवर आला. त्या फराळाला चकल्या त्यांनी स्वतः पाडल्या.

हाडात रोग असलेल्या माणसाची पाठ एकाएकी फार दुखू लागली, पाय लटके पडले, बधिर झाले किंवा लघवी-शौचाचा ताबा गेला, तर मणक्यातील मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. ही तातडीची बाब आहे. उशीर झाल्यास पाय कायमचे जातात.

वेदना व इतर त्रास कमी करण्याच्या या शास्त्राला पॅलिएटिव्ह केअर किंवा उपशामक सेवा म्हणतात. ती केवळ अखेरच्या दिवसांसाठी नसून रोगाच्या उपचाराबरोबरच सुरू करावयाची असते. मुंबईस वांद्रे येथे १९८६ साली शांती अवेदना सदन या नावाने देशातील पहिले असे सेवागृह निघाले. त्याची एक शाखा गोव्यात आहे. रुग्णालयात गेल्यावर आपण होऊन विचारावे, "येथे वेदनाशमनाचा विभाग आहे का?" आम्ही १९८९ साली हा प्रश्न विचारला नाही.

७. शुश्रूषा करणारा, प्रवास व पैसा

शुश्रूषेचा भार बहुधा एका बाईवर पडतो. आमच्याकडे तो माझ्या पत्नीवर पडला, आणि तीन महिन्यांनी तीच चक्कर येऊन पडली. त्यानंतर आम्ही रात्रींची वाटणी केली. शुश्रूषा करणाऱ्याला आठवड्यातून निदान एक दुपार पूर्ण मोकळी मिळालीच पाहिजे. त्यात स्वार्थ नाही; शुश्रूषा टिकावी म्हणूनच ते आवश्यक आहे.

भेटीस जाणाऱ्यांनी पंधरा मिनिटांत उठावे, सर्दी-खोकला असता जाऊ नये, आणि "आमच्या मामांचं असंच झालं होतं" ही कथा दाराबाहेर ठेवावी. "काही लागलं तर सांगा" असे म्हणण्यापेक्षा "मंगळवारी दुपारचा डबा मी आणते" असे म्हणावे. पहिल्या वाक्याने आभार मानावे लागतात. दुसऱ्याने चूल विश्रांती घेते.

मुंबईस जावे लागल्यास घाबरू नये. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्या दुःखातून टाटा विश्वस्तांनी २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे रुग्णालय उघडले. ते रुग्णालय ज्या रस्त्यावर आहे त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस या थोर गोमंतकीय शल्यविशारदाचे नाव आहे. उतरण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्था रुग्ण व नातलगांची अल्प दरात सोय करतात. जागा मर्यादित असल्याने आधी चौकशी करावी. तथापि प्रत्येक उपचारासाठी मुंबई गाठावी लागत नाही. २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड या योजनेखाली देशभरातील रुग्णालये एकसारख्या उपचारपद्धतीसाठी जोडली जात आहेत. मोठ्या रुग्णालयात उपचार ठरवून पुढील फेऱ्या गावाजवळ घेता येतील का, हे वहीच्या उजव्या पानावर अवश्य लिहावे.

रेल्वेने उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णास शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत पूर्ण भाडे माफ असते, आणि त्याच श्रेणींत एका सोबत्यास ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी विहित नमुन्यात डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराचे संरक्षण आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व वृद्धांना, उत्पन्न कितीही असो, त्याचा लाभ खुला झाला आहे. रुग्णालयातील समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जावे. दागिने मोडल्यावर नव्हे.

८. सभासदांस विनंती

वहिनी २०१९ च्या भाद्रपदात, गौरींच्या पाठवणीनंतर चार दिवसांनी, आपल्या खोलीत, आपल्या माणसांत गेल्या. अखेरच्या आठवड्यातील वहीत दुखण्याचा आकडा तीनच्या वर गेलेला नाही. मी हे अभिमानाने लिहीत नाही. दादांच्या त्या सात महिन्यांचे ऋण त्याने फिटत नाही. पण दोन आजारपणांत जे अंतर पडले, ते केवळ पैशामुळे पडले नाही. काही औषधशास्त्राने पुढे नेले, काही कायद्याने. पण खरे बोलणे, विचारणे आणि लिहून ठेवणे हे आम्हाला १९८९ सालीही करता आले असते.

केरळात कालिकतला १९९३ साली डॉक्टरांनी वेदनाशमनाचे कार्य सुरू केले, आणि पुढे साध्या नागरिकांनी, थोडे शिक्षण घेऊन, आठवड्याचे काही तास देऊन ते घरोघर नेले. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी असे ते लोक होते. आपल्या न्यासात अशी माणसे कमी आहेत काय?

या महोत्सवाच्या वर्षी माझी विनंती एवढीच. न्यासाच्या कचेरीत एक हवेची गादी, एक चाकांची खुर्ची व एक कमोडची खुर्ची असावी, आणि ज्या घरी गरज असेल तेथे ती विनाशुल्क जावी. दहा घरांनी डब्यांचे वार वाटून घ्यावेत. दोन-चार तरुणांनी एखाद्या रुग्णालयातील उपशामक सेवेचे शिक्षण घ्यावे. आणि कर्करोगासाठी साहाय्याचा धनादेश देताना त्याबरोबर एक दोनशे पानी वही द्यावी, रकाने आखलेली. रकाने आखण्याचे काम मी आनंदाने करीन. डोळे अजून शाबूत आहेत.

पहिल्या पानावर काहीही छापू नये. तेथे रुग्णाने स्वतःच्या हाताने आपला पहिला प्रश्न लिहावा, मग तो लोणच्याचा का असेना.